पंख्यावरचा लुशियस

गुरुवारी सकाळी सिस्टर व्हर्नेल (त्या चर्चमध्ये प्रत्येक बाई सिस्टरच) चर्च झाडायला गेली, तेव्हा प्रत्येक बाकावर पुठ्ठ्याचे नवे पंखे ठेवलेले होते. एक उचलून तिने वारा घेतला, मग उलटून पाहिला आणि तिच्या हातातला झाडू पडला. पंख्यावर लुशियस टार्व्हर होता. पांढरा सूट, मिटलेले डोळे, छातीवर हात. खाली लिहिलं होतं, 'आमच्या गावाचा अभिमान'. त्याच्याखाली, 'क्लिओफस ब्राइट, अंत्यविधी सेवा'.

चर्चला पंखे दरवर्षी क्लिओफसच द्यायचा, पण त्यांवर येशूचं चित्र असायचं. माणसाचा फोटो तो फक्त मयताच्या पत्रिकेवर छापायचा. हा फोटो लुशियसच्या नव्या रेकॉर्डवरचा होता आणि डोळे मिटले होते ते गाताना, हे व्हर्नेलला कोण सांगणार? ती क्लिओफसच्या दुकानाकडे धावली. दाराला कुलूप, कुलपाला चिठ्ठी: 'लुशियसला आणायला बर्मिंगहॅमला गेलो आहे. रविवारी येऊ.' मयत न्यायची काळी कॅडिलॅक गाडीही जागेवर नव्हती. क्लिओफस लुशियसचे तीन रात्रींचे कार्यक्रम फुकट बघायला आधीच निघाला होता. आणि गाडी हीच नेली, कारण गावात तेवढी ऐसपैस गाडी दुसरी नव्हती.

दुपारपर्यंत गावभर झालं, आणि मयताच्या घरी खाणं पोचवायच्या रीतीने लुशियसची आई ओडेसा हिच्या टेबलावर चार केक आणि भाजलेल्या डुकराचं एक अख्खं हॅम जमलं.

"धीर धर गं बाई," व्हर्नेल आपला केक ठेवत म्हणाली आणि हुंदका आवरत पळाली. बाकीच्यांनीही तेच केलं.

ओडेसाने जन्मभर लोकांचे शर्ट इस्त्री करून पोराला वाढवलं. लुशियस सहा वर्षांचा असताना याच चर्चमध्ये गायला शिकला, एकोणिसाव्या वर्षी मेम्फिसला गेला आणि स्वतः गाणी लिहून गाऊ लागला. आज अलाबामात त्याचं गाणं वाजत नाही असं एक न्हाव्याचं दुकान नव्हतं. फक्त गावच्या चर्चचं दार बंद होतं. "देवाच्या गाण्याची चाल घेतो आणि देवाच्या जागी पोरीचं नाव घालतो," असं म्हणून चर्चचे कारभारी, डीकन होझिया पेटवे, यांनी शपथच घेतली होती: "मी असेपर्यंत तो इथे गाणार नाही." त्याला पंधरा वर्षं झाली. ओडेसाला दुसरं काही नको होतं. बाहेर गेलेली लेकरं वर्षातून एकदा गावी येतात, त्या ऑगस्टच्या रविवारी पोराचं गाणं त्या व्यासपीठावरून ऐकायचं, एवढंच. आणि येता रविवार तोच होता.

शनिवारी डीकन आले. टोपी हातात.

"सिस्टर ओडेसा, माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा."

ओडेसाने इस्त्री उभी ठेवली. "त्याचं गाणं आपल्या चर्चमध्ये व्हावं."

"त्याचं? ते तसलं?"

"तसलंच."

डीकननी चष्मा बराच वेळ पुसला. "होईल."

"उद्या सगळ्यांसमोर बोला, डीकन. घरातलं बोलणं घरात राहतं."

रविवारी चर्च खच्चून भरलं. दोनशे लुशियस एकदम हलत होते. डीकन उभे राहिले. "लुशियस आपला होता. आपल्या गावाचं नाव त्याने कुठल्या कुठे नेलं, आणि मी त्याला दारात उभं केलं नाही. चूक माझी. आज तो असता, तर मी हाताला धरून त्याला इथे आणलं असतं."

तेवढ्यात बाहेर कॅडिलॅक थांबली. पांढरे हातमोजे घातलेले सहा जण मान खाली घालून खांदा द्यायला गेले. पुढचं दार उघडून लुशियस उतरला. हातात कोंबडीची अर्धी तंगडी.

"एवढी माणसं कशाला? माझी एकच बॅग आहे."

तो आत आला तशी व्हर्नेल बाकावर बसली ती उठलीच नाही. डीकन ओडेसाकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"शुक्रवारी त्याचा फोन आला होता."

"मग बोलल्या का नाहीत?"

"विचारलं कुणी, डीकन? केक ठेवायचे आणि पळायचे सगळे."

शब्द दिला होता, तोही दोनशे लोकांसमोर. डीकननी लुशियसला हाताला धरून वर नेलं.

त्याने इस्त्रीचं गाणं घेतलं, आईच्या हातावरच्या भाजल्याच्या डागांवर रचलेलं. पहिलं कडवं झालं. पहिल्या बाकावर ओडेसा ताठ बसली होती, हनुवटी वर करून, जणू चर्च तिनेच बांधलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि लुशियस दुसरं कडवं विसरला. वाद्यं थांबली.

त्याच्या मागच्या खुर्चीतून एका जाड आवाजाने ते कडवं उचललं आणि एकही शब्द न चुकता शेवटपर्यंत नेलं. आवाज डीकनचा होता.

"तुम्हाला कुठून येतं हो?" लुशियसने मागे वळून, वाकून विचारलं.

"न्हाव्याकडे गर्दी फार असते," डीकन म्हणाले, आणि जोरजोरात पंखा हलवू लागले.