पिशवी पुढे, गोमती मागे

डाव्या हातातल्या पाकिटाच्या पाठीवर, गोंदाची कड जिथं संपते तिथं, पेन्सिलीचा एक ठिपका होता. राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. उजव्या हातातल्या पाकिटावर तो नव्हता. बाकी दोन्ही पाकिटं सारखी: तोच पुण्याचा पत्ता, तेच तिकीट, तीच निळी शाई. ठिपक्याच्या पाकिटात होकार होता, बिनठिपक्याच्या पाकिटात नकार.

वऱ्हाडातल्या मालेगावच्या मोटार-अड्ड्यावर उभ्या उभ्या गोमतीने दोन्ही पाकिटं पुन्हा एकदा तपासली, पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आणि वरून बक्कल लावलं.

गोमती पुण्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत असे. तिथल्याच पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी तिला मागणी घालून अकरा महिने झाले होते. माणूस सज्जन. त्यांचे दोष नोंदवायला तिने वहीत एक पान राखून ठेवलं होतं, आणि अकरा महिन्यांत त्यावर एकच नोंद झाली होती: 'हातातली पिशवी काढून घेतात.' बाजारात, वाचनालयात, स्टेशनवर, जिथं भेटतील तिथं ते तिची पिशवी घेऊन पुढे चालू लागत आणि ती मागून जाई. हा दोष धरायचा की गुण, हे न ठरल्यामुळे नोंदीपुढे प्रश्नचिन्ह होतं.

आता मात्र त्यांच्या आईने मुदत घातली होती. येत्या सोमवारपर्यंत उत्तर. म्हणजे पत्र बुधवारच्या टपालात पडायला हवं. बुधवारी ती केनवडला असणार होती. तिने सगळं आलेखाच्या कागदावर आखलं होतं. वऱ्हाडातली गवतं गोळा करत आठ दिवस पायी हिंडायचं, पहिले तीन दिवस चालता चालता विचार करायचा, बुधवारी केनवडला एक पाकीट पेटीत टाकायचं आणि दुसरं जाळायचं. ताशी अडीच मैल. पाठीवर अकरा शेर वजन. यात चुकण्यासारखं काय होतं?

कॉलेजातल्या शिपायाने मात्र विचारलं होतं, "बाई, परमुलखात एकट्या?" ते वर्ष १९५३. वऱ्हाड प्रांत मध्य प्रदेशात होता. नकाशात पुणे पिवळं आणि मालेगाव हिरवं. "रंग वेगळा असला तरी लोक मराठीच बोलतात," गोमतीने त्याला समजावलं होतं.

आणि पिशवी उत्तम होती. लढाईनंतर लष्कराने विकायला काढलेली, खाकी, जाड पट्ट्यांची, पाठीवर घ्यायची. जुन्या बाजारात ती घेताना गोमतीने शिवणीचे टाकेसुद्धा मोजले होते. तिच्यावर इंग्रजीत काळा शिक्का होता, तो धुऊन जात नव्हता. त्या शिक्क्याकडे तिने शास्त्रीय दृष्टीने पाहिलं नाही, एवढीच चूक झाली.

*

पहिल्या गावात ती दुपारी पोचली. उकंडराव पाटील ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आधी पिशवी पाहिली, मग शिक्का, मग गोमती. तिघांतल्या पहिल्या दोघांना ते उठून उभे राहिले.

"या जी बाईसाहेब. देवी टोचाले आल्या काय?"

"नाही. मी गवत गोळा करते."

पाटलांनी थोडा विचार केला. "पुण्यात गवत नाई काय जी?"

"आहे. पण इथलं वेगळं आहे."

"गाय तं सारखंच खाते," पाटील म्हणाले आणि त्यांनी विषय संपवला. सरकारची माणसं खरं काम पहिल्या दिवशी सांगत नाहीत, हे त्यांना तीस वर्षांच्या पाटीलकीत समजलं होतं. "हात धुवा. भाकर खाऊन घ्या."

भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. गोमतीला एका भाकरीची भूक होती. पाटलीणबाईंनी तीन वाढल्या. हात धुऊन ती ओट्यावर आली. पिशवी टेकवून ठेवली होती त्या जागी मातीत एक चौकोनी ठसा होता. पिशवी नव्हती.

"माझी पिशवी?"

"गेली समोर," पाटील म्हणाले.

गोमतीने समोर पाहिलं. समोर गोठा होता.

"तठी नाई. समोरच्या गावाले. कोतवालानं नेली. तांड्यावरच्या माणसाच्या डोक्शावर देईन अन् वापस येईन."

"पण का?"

"आता पाहा, सरकारी सामान गावात ठेवत नसतात. इंग्रजाच्या येळेपासून रीत हाय. साहेब जेवते, तवर सामान समोर जाते. साहेब तठी पोचते तं बिछाना आंथरलेला. अन् आमच्या गावात काई चोरीले गेलं तं जबाब कोन देईन?"

"पण मी सरकारी नाही हो."

"तुमी नसान," पाटील समजुतीने म्हणाले. "थैला तं हाय."

गोमती लगेच निघाली असती. पण सूर्य कलला होता आणि पाटलीणबाईंनी तिच्या चपलाच उचलून आत ठेवल्या. तिने पाटलीणबाईंचं नऊवारी नेसून तो मुक्काम काढला. विचार करायचा पहिला दिवस तसाच गेला, कारण विचार ज्या दोन पाकिटांचा करायचा ती तिच्या पुढे निघून गेली होती.

सकाळी निघताना पाटील म्हणाले, "थैला खाली नाई पाठवला बरं. पायलीभर तूर घातली आत. पाहुण्याचा थैला रिकामा पाठवत नसतात."

*

मंगळवारी दुपारी ती बंजाऱ्यांच्या तांड्यावर पोचली. तिच्याजवळ गळ्यातलं भिंग, पेन्सिल आणि नऊवारी, एवढंच होतं. तांड्याचे नाईक रामसिंग तिला बघून पुढे आले आणि तिच्या मागच्या वाटेकडे पाहू लागले.

"बाईसाहेब मांगून येऊन राह्यल्या काय?"

"मीच ती."

"हो, हो," नाईक म्हणाले. "बस बाई, पाणी पे. त्या येतवर थांब."

गोमती पाणी प्यायली. "पिशवी कुठं आहे?"

"कोनाची, साहेबाची? ते तं पहाटीच केनवडले धाडली. दोन माणसं लागली. लय जड."

"अकरा शेर होती. तूर धरून फार तर पंधरा."

"आमीबी रिकामी नाई धाडली," नाईक म्हणाले.

पिशवीच्या आत त्यांना लाकडी फळ्या आणि पट्टे दिसले होते. गवत दाबून वाळवायचा तो साचा. तांड्यावर रात्रभर त्यावर चर्चा झाली आणि ही जमीन मोजायची यंत्रं आहेत, असं ठरलं. जमीन मोजणाऱ्या बाईसाहेबाला नाराज करून चालणार नव्हतं. म्हणून तुरीवर भुईमुगाच्या शेंगा आल्या, शेंगांवर तुपाचा डबा आला, आणि मोतीबाईने आपल्या घरचा गुळाचा खडा दिला.

मोतीबाई साठीची होती. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीला आरसे. तिने गोमतीला आपल्या झोपडीत नेलं, पायाला तेल लावलं आणि विचारलं, "तू बाईसाहेबाची सैपाकीण होय का?"

"गूळ कुठं ठेवला तुम्ही?" गोमतीने विचारलं.

"मंदात जागाच नोती. भायेरच्या कप्प्यात दाबला. दोन कागद होते तठी, त्यायच्या मंदात."

कार्तिकातली दुपार, गुळाचा खडा, खाकी कापड, माश्या. गोमतीला या गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत होता.

"कायले घाबरली?" मोतीबाई म्हणाली. "चांगला गूळ हाय. उद्या केनवडचा बाजार, मी लाकडं घेऊन जातो. माह्या संगं चाल."

*

बुधवारी सकाळी दोघी निघाल्या. मोतीबाईच्या डोक्यावर लाकडाची मोळी, गोमतीचे हात रिकामे. मैलभर गेल्यावर तिला ते सहन होईना.

"मोतीबाई, थोडा वेळ मी घेते."

"हात नको लावू. डोक्शावरचं वझं दुसऱ्यानं हलवलं का मान मोडते." आणि ती पुढे चालू लागली.

गोमती मागून चालत राहिली. दोन दिवस ती हेच करत होती. आज टपाल सुटणार, आणि ठरलं काहीच नव्हतं. ठरवायला बसलं की डोळ्यांपुढे पिशवी येई, आणि पिशवी नेहमी कुणाच्या तरी हातात, चार पावलं पुढे असे. प्राध्यापकांचा चेहरा तिने आठवून पाहिला. त्यांची पाठ आठवली.

केनवडच्या चावडीपुढे गर्दी होती. बाजारात मिरच्या, मडकी, कापड, बैलांच्या घंटा मांडून लोक बसले होते. पण विकत कुणी काही घेत नव्हतं. सगळे चावडीकडे बघत होते. तिथं सतरंजीवर एक खुर्ची होती आणि खुर्चीत गोमतीची पिशवी बसली होती. तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता. कपाळ असावं अशा ठिकाणी कुंकू लावलं होतं. बाजूला एक माणूस पंख्याने माश्या हाकत होता आणि त्या त्याला जुमानत नव्हत्या.

गोमती गर्दीतून पुढे झाली. "ती माझी पिशवी आहे."

"मांगं सर बाई," पंखेवाला म्हणाला. तो केनवडचा कोतवाल. "बाईसाहेब येऊन राह्यल्या. त्यायले विहिरीचं निवेदन द्याचं हाय."

"बाईसाहेब म्हणजे मीच."

लोकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. नऊवारीला गुडघ्यापर्यंत धूळ, केसांत कुसळं, हातात काही नाही. एक म्हातारा हसून म्हणाला, "थैला पाह्य केवढा, अन् बाई पाह्य केवढी."

मोतीबाईने मोळी खाली टाकली. "पोरगी झूट नाई बोलत. तिले विचारा मंदात काय हाय थे."

न्याय करायला मुनाफ शिंप्याला बोलावलं. चावडीशेजारीच त्याचं दुकान, दुकानाच्या खांबाला टपालाची पेटी. गावातली निम्मी पत्रं तोच लिहून देई आणि निम्मी वाचून दाखवी, म्हणून कागदाच्या कामात त्याचा शब्द चाले. त्याने पिशवीचं तोंड उघडलं.

"बोला बाईजी."

"दोन पातळं. एक घोंगडी. कुनैनची बाटली, थर्मामीटर. लाकडी साचा, आणि वर्तमानपत्राचे छत्तीस कागद."

मुनाफने मोजले. "पस्तीस."

"छत्तीस."

त्याने थुंकी लावून पुन्हा मोजले. "छत्तीस," तो म्हणाला. गर्दीत कुजबुज झाली. पण म्हातारा हटेना. "नौकरालेबी मालकाचं सामान ठाऊक असते. याच्यानं काय होते?"

"बाहेरच्या कप्प्यात दोन पाकिटं आहेत," गोमती म्हणाली. "पत्ता एकच. एकावर पेन्सिलीचा ठिपका आहे, दुसऱ्यावर नाही."

मुनाफने कप्प्यात हात घातला. आधी गूळ आला, मग गुळाला चिकटून पाकिटं. त्याने ती ओढून वेगळी केली आणि उन्हात धरली.

"बाईजी, याच्यावर नऊ ठिपके हायेत. त्याच्यावर अकरा."

गोमतीने गळ्यातलं भिंग लावलं. माश्यांनी आपलं काम मन लावून केलं होतं. तिचा ठिपका त्यांच्यातलाच एक असेल, किंवा गुळाने पुसून नेला असेल. सांगता येत नव्हतं.

"मंग आतमंदी काय लिवलं हाय थे सांगा," मुनाफ म्हणाला. "मी फोडतो अन् पाहतो."

गोमतीने गर्दीकडे पाहिलं. शंभरेक माणसं, तीन बैल. "एकात हो आहे. एकात नाही."

"कायले हो?"

"लग्नाला."

पंखा थांबला. विहिरीचं निवेदन हातात धरलेल्या माणसाने त्याची हळूच घडी घातली. ही बाईसाहेब नव्हती हे सगळ्यांना एकदम पटलं, पण कुणी जागचं हललं नाही. विहिरीपेक्षा हे प्रकरण बरं होतं.

"पोरगा दारू पेते काय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही."

"मारकुटा हाय?" मोतीबाईने विचारलं.

"छे. फार चांगले आहेत."

"मंग अडते कुठी?"

गोमतीला वहीतलं पान आठवलं. "माझ्या हातातली पिशवी काढून घेतात," ती म्हणाली. "आणि पुढे चालतात."

"हे तं चांगलंच हाय," कोतवाल म्हणाला. त्याने बोलता बोलता पिशवीचा हार काढला होता आणि ती डोक्यावर घ्यायला तो वाकला होता. सरकारी नसली तरी पिशवी पुढच्या गावाला जायची होतीच.

मोतीबाईने पिशवीकडे पाहिलं, मग गोमतीच्या सुजलेल्या पायांकडे. "दोन दिस थैल्याच्या मांगं चालली, तं तोंड पाह्य कसं झालं."

तेवढ्यात बाजाराच्या टोकाला मोटारीचा भोंगा वाजला. मुनाफ दोन्ही पाकिटं घेऊन उभा राहिला. "बाईजी, टपालाचा थैला बंद होऊन राह्यला. डायवर काई माहा साला नोय थांबाले. फोडू का? कोनती टाकू?"

गोमतीने कोतवालाच्या हातातून पिशवी घेतली. तूर, शेंगा, तूप आणि उरलेला गूळ यांसकट. तिने ती पाठीवर चढवली, पट्ट्याचं बक्कल तिसऱ्या भोकात बसवलं, आणि मागे कलंडली. मोतीबाईने हात पुढे केला नाही. गोमती दोन पावलं मागे गेली, एक पुढे आली, आणि कमरेत वाकून कशीबशी स्थिर झाली.

"फोडू नका," ती जमिनीकडे बघत म्हणाली, कारण मान वर होत नव्हती. "एक कोरं कार्ड घ्या. पत्ता पाकिटावरचाच."

मुनाफने टाक बुडवला. "काय लिवू?"

"लिहा. लग्नाला माझा नकार आहे. आणि मी परत येईन तेव्हा स्टेशनवर येऊ नका. पिशवी माझी मी आणीन."