पिकअप वळते तेव्हा

सासऱ्यांनी पिकअपची किल्ली हातावर ठेवली तेव्हा जावयाने ती दोन्ही हातांनी धरली. तीन वर्षांपूर्वी या माणसाने आपली मुलगी हसत हसत देऊन टाकली होती, पण पिकअपवरची ताडपत्री जावयासमोर कधी उचलली नव्हती. पंचवीस वर्षांची डिझेल गाडी ती, मूळची सासूबाईंच्या वडिलांची. ते गेले आणि गाडी लेकीकडे आली. तेव्हापासून सासरे ती चालवत आणि सासूबाई स्वयंपाकघरातून ती ऐकत.

जावई कपाटं बनवायचा. त्याचा टेम्पो भंगारात गेल्यापासून तयार कपाटं दुकानात एकमेकांना खेटून उभी होती आणि गिऱ्हाइकं दुसरा सुतार शोधत होती. म्हणून बायकोने मध्ये पडून ठरवून घेतलं होतं की आज एक दिवस त्याने गाडी न्यायची, आणि संध्याकाळी धडधाकट परत आणली तर ती कायमची त्याची. धडधाकट आली नाही तर काय, हे कोणी बोललं नव्हतं. त्याला त्याचीच जास्त धास्ती होती.

फाटकातून बाहेर वळताना मागचं चाक फूटपाथच्या कडेला घासलं, आणि त्याच क्षणी गाडीच्या बुडातून आवाज आला. घर्र, कट्, घर्र, कट्. एखादं जनावर दात खात असावं तसा. गाडी सरळ झाली आणि आवाज थांबला. त्याने आरशात पाहिलं. सासरे ओट्यावर उभे होते आणि त्यांचा चेहरा इतक्या लांबून काही कळत नव्हता.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मोडली. तीन वर्षं सांभाळलेली अब्रू आणि पंचवीस वर्षं सांभाळलेली गाडी, दोन्ही एका फूटपाथने घालवली. दुकानातून पहिलं कपाट चढवलं आणि मग त्याने वळायचंच नाही असं ठरवलं. गिऱ्हाइकाचं घर डावीकडच्या दुसऱ्या गल्लीत होतं, पण तो ती गल्ली सोडून, तिच्या पुढची सोडून, रस्ता संपेपर्यंत सरळ गेला. मध्येच बायकोचा फोन आला. बाबा विचारतायत, गाडी कशी चालतेय.

"सरळ चालतेय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे अगदी सरळ."

शेवटी वळावं लागलंच. कपाट उतरवून घेताना गिऱ्हाइकाने चाकांकडे वाकून पाहिलं आणि गाडीखाली कुत्रं तर नाही ना अडकलं, असं विचारलं. जावई तडक मेकॅनिककडे गेला.

मेकॅनिकने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, एक हाताने फिरवलं, दुसरं त्याच दिशेने फिरलं, तशी त्याने मान डोलावली. "काही मोडलेलं नाही. हिला लिमिटेड स्लिप आहे. साध्या गाडीचं एक चाक चिखलात फिरत बसलं की दुसरं नुसतं बघत बसतं. हिच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांमधल्या त्या गोळ्यात, चकत्या आहेत, त्या दोन्ही चाकांना एकमेकांना सोडू देत नाहीत. पण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायला लागतं, तेव्हा चकत्यांनी जरा घसरायला पाहिजे. इथं त्या अडकत अडकत सुटतायत. कोणीतरी साधं तेल भरलंय. त्यात एवढीशी एक बाटली वेगळी टाकावी लागते, ती टाकलेली नाही."

"फूटपाथला घासल्यावर तेल बदलतं का?"

मेकॅनिकने त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे तेल तीनचार वर्षांचं आहे. तुम्ही गाडीचे मालक?"

"जावई."

"मग बरोबर आहे," असं म्हणून मेकॅनिक गाडीखाली गेला.

दोष आपला नाही हे कळल्यावर जावयाला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. आपण मोडली असती तर पाय धरून माफी मागता आली असती. सासऱ्यांनी चुकीचं तेल भरलंय हे सासऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करावी आणि गप्प बसावं, असं त्याच्या घाबरट डोक्याने ठरवलं. नवं तेल भरलं, बाटली रिकामी केली, आणि चकत्यांना तेल नीट लागावं म्हणून मेकॅनिकच्या सांगण्यावरून शेजारच्या मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या वीस फेऱ्या मारल्या. विसाव्या फेरीला गाडी मांजरासारखी वळली.

संध्याकाळी गाडी वळताना काही आवाज न करता फाटकातून आत आली. सासरे अंगणातच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खिडकीशी आले आणि अगदी हळू बोलले.

"आवाज कुठं गेला?"

मैदान, बाटली, मेकॅनिक, सगळं जावयाने एका दमात ओकून टाकलं.

"जावईबापू, घात केलात. ती बाटली माझ्याकडेच आहे, रंगाच्या डब्यांमागे. तेल मीच बदललं आणि बाटली विसरलो. हिच्या वडिलांनी जाताना एवढी एकच गोष्ट बजावली होती. आवाज यायला लागल्यावर काय सांगणार? हिला म्हटलं, अस्सल लिमिटेड स्लिप अशीच बोलते. बोलायची थांबली की समज, गेली. चार वर्षं ती रोज ऐकतेय."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. गाडी आलेली कळलीच नाही, म्हणाल्या. सासऱ्यांनी वाऱ्यावर ढकललं. वारा नव्हता.

"बरं, एकदा बाहेर काढून परत आत आणा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या बाबांची गाडी आहे. ऐकेन आणि मग देईन."

त्या पायरीवर डोळे मिटून उभ्या राहिल्या. सासरे शेजारच्या सीटवर चढले. फाटकाशी जावयाने स्टीअरिंग वळवलं, आणि शेजारून, आजचा दिवस सोडला तर तीन वर्षांत त्याच्याशी मोजकी सहा वाक्यं बोललेल्या माणसाच्या घशातून आवाज निघाला. घर्र, कट्, घर्र, कट्. जावई समोर बघत राहिला. आत येतानाही तसंच झालं.

"ठणठणीत आहे," सासूबाई डोळे उघडून म्हणाल्या. गाडी त्याची झाली.

तेव्हापासून सासुरवाडीला जायचं म्हटलं की सासरे घराच्या आधीच्या कोपऱ्यावर येऊन उभे राहतात आणि गाडीत चढतात. दोघांत त्यावर कधी बोलणं होत नाही, पण जावयाला आता त्यांची भीती वाटत नाही. भीती वाटते ती दोघांनाही, आणि एकाच व्यक्तीची.

गेल्या महिन्यात गाडी अशीच गुरगुरत आत आली. सासूबाईंनी जावयाला बसायला सांगितलं.

"गाडी जरा दाखवून घ्या," त्या म्हणाल्या. "हल्ली वळताना तिला खोकला येतो."

आणि मिठाच्या गरम पाण्याचा पेला त्यांनी सासऱ्यांपुढे ठेवला.