डाव्या हाताचं प्रशिक्षण

माणसाच्या आयुष्यातला बराचसा वेळ त्याच्या उजव्या हातामुळे वाया जातो. हे सत्य मानवजातीला फार उशिरा उमगलं. आमच्या ऑफिसला तर ते गेल्या वर्षी उमगलं, साहेबांचा भाचा कसलासा कोर्स करून परत आला तेव्हा.

आमचं ऑफिस डिझाइनचं. बाटल्यांची लेबलं, औषधांची खोकी, दुकानांच्या पाट्या, कॅलेंडरं, असं जे जे छापून लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलं जातं आणि लोक ज्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, ते सगळं आम्ही तयार करतो. मी मुद्रितशोधक. 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' हे छापायला जाण्याआधी शुद्ध आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी माझी. भाच्याने आल्या आल्या प्रत्येकाच्या पाठीमागे उभं राहून निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला की आमच्या डिझाइनर मंडळींचा उजवा हात माउस घेऊन स्क्रीनभर भटकत असतो. वरच्या मेनूत जातो, तिथे रेंगाळतो, नको ते उघडतो, ओशाळून खाली येतो. तेच काम डाव्या हाताच्या दोन बोटांनी कीबोर्डवरचा शॉर्टकट दाबला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. आणि डावा हात तेव्हा काय करत असतो? (पाहणीत आढळलेली कामं : हनुवटीला टेकू देणे, चहाचा कप धरणे, कान खाजवणे, संकीर्ण.)

ही उधळपट्टी थांबवण्यासाठी कार्यगती समिती नेमण्यात आली. भाचा अध्यक्ष, मी सचिव. मला स्वतःला एकही शॉर्टकट येत नसल्यामुळे माझा निःपक्षपातीपणा वादातीत होता.

साहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. "हे बघा," ते म्हणाले, "शॉर्टकट शिका, भराभर काम उरका. ज्याचं काम झालं, तो मोकळा. खुशाल घरी जा. माझी काही हरकत नाही."

बाकीच्यांनी हे नेहमीप्रमाणे एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. लेबलवाल्या ताईंनी मात्र ते मनावर घेतलं.

त्याला कारण होतं. ताईंची मुलगी आठ वर्षांची. तिच्यासाठी नवी सायकल आणली होती आणि ती शिकायची तर आईकडूनच, असा तिचा हट्ट होता. (बाबा सांगितल्याशिवाय सीट सोडतात, असा बाबांवर आरोप होता.) दुसरी अट अशी, की शिकायचं ते उजेडात. ऑफिस साडेपाचला सुटतं, हे आमच्या दारावर लिहिलेलं आहे. पण पाच वाजून गेले की कुणा ना कुणा गिऱ्हाइकाचा फोन येतो, 'हिरवा जरा आणखी ताजा करा', आणि तो ताजा होईपर्यंत बाहेर दिवे लागतात. सायकल तोवर घराच्या पॅसेजमध्ये उभी राही आणि तिच्या हँडलवर टॉवेल वाळत.

प्रशिक्षण सुरू झालं. शॉर्टकटांचे तक्ते भिंतींवर लागले, चहाच्या मशीनवर लागले, बाथरूमच्या आरशावर लागले. दर बुधवार 'माउसमुक्त' जाहीर झाला. त्या दिवशी सगळे माउस गोळा करून लोखंडी कपाटात ठेवले जात. पहिल्या बुधवारी उत्पादन शून्य होतं, पण त्या शून्याला एक शिस्त होती.

अडचणी आल्या, नाही असं नाही. आमचे कॅलेंडरवाले काका पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी उत्साहाच्या भरात एक बटण दाबलं आणि स्क्रीनवरची सगळी अवजारं, रंगांचे डबे, पट्ट्या एका क्षणात गायब झाल्या. (ते टॅबचं बटण. ते पुन्हा दाबलं की सगळं परत येतं.) काकांचा समज झाला की आपल्याला कामावरून कमी केलंय आणि तोंडावर सांगायला साहेबांना संकोच वाटतोय. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते रिकाम्या स्क्रीनसमोर शांत बसून होते. मग आपला कप धुऊन पिशवीत घातला आणि सगळ्यांचा निरोप घ्यायला निघाले, तेव्हा उलगडा झाला.

पण एकंदरीत प्रगती नेत्रदीपक होती. काम अक्षरशः डाव्या हातचा मळ झालं. एकदा मीटिंगमध्ये साहेबांचा चहा सांडला, तर फडकं आणायला कोणी उठलं नाही. टेबलाभोवतीचे सगळे डावे हात मात्र एकदम हलले आणि दोन-दोन बोटांनी 'केलेलं रद्द करा'चा शॉर्टकट टेबलावरच दाबून मोकळे झाले. चहा कपात परत गेला नाही, पण अध्यक्षांचे डोळे भरून आले.

सर्वांत पुढे अर्थातच ताई. त्या भाजी निवडताना शॉर्टकट पाठ करत. पहिल्या परीक्षेत डोळ्यांवर रुमाल बांधून त्यांनी शांपूचं अख्खं लेबल केलं. महिन्याभरात त्यांचं दिवसाचं काम दुपारी चारला हातावेगळं होऊ लागलं. पहिल्याच दिवशी त्या पर्स खांद्याला लावून साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, झालं माझं. निघू?"

"झालं? सगळं?" साहेबांना खरंच आनंद झाला होता. "अहो, कमाल आहे तुमची! मग असं करा, काकांचा मार्च महिना अडकलाय, तेवढा जरा बघून टाका. तुम्हाला काय, दोन बटणांचं काम!"

दुसऱ्या दिवशी मार्चबरोबर एप्रिल आला. मग औषधांची खोकी आली, मग इतरांच्या पाट्या. वेग वाढला तसं काम वाढलं, हा निसर्गनियमच आहे, त्यात साहेबांचा दोष नाही. शिवाय सर्वांचा मिळून किती वेळ वाचला, याचा आढावा घ्यायला समितीची बैठक ठेवावी लागे, आणि तिला सोयीची वेळ एकच निघाली, साडेपाचची. ज्यांचं काम संपलं असेल, त्यांनी तिला थांबायचं. बैठक तासभर चाले. वाचलेल्या वेळेतून ती वजा करायची की नाही, यावर एक स्वतंत्र बैठक झाली.

पूर्वी ताई दिवे लागल्यावर निघत. आता त्या दिवे लागून बराच वेळ झाल्यावर निघू लागल्या. एकदा बैठक चालू असताना त्यांचा फोन वाजला. मुलीचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आई, तू लवकर यायचं शिकतेयस ना? मग पूर्वी तर लवकर यायचीस!"

ताईंनी "येतेच गं" म्हणून फोन ठेवला आणि फळ्यावरच्या आकड्यांकडे बघत बसल्या. त्यांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. सचिवाने असं काही वाटून घेऊ नये, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. मी पलीकडेच होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"काका, तुम्ही रोज साडेपाचच्या ठोक्याला कसे हो निघता?"

"काम संपवत नाही म्हणून," काका म्हणाले. "संपवलंस की दुसरं घेऊन येतात. अर्धवट असलं की कोणी जवळ फिरकत नाही."

"पण मग बोलणी बसतात."

"बसतात ना. पण ती सकाळी बसतात. संध्याकाळी मी घरी असतो."

मग काकांनी शिकवणी सुरू केली. "हे तुझं लेबल ना? आता मोठं कर. अजून. बाटली दिसेनाशी होऊ दे. आता काय दिसतंय?"

"नुसता हिरवा रंग."

"बास. आता हनुवटीला हात लाव. मागून कोणी आलं तर दचकायचं नाही. म्हणायचं, 'कडा बघतेय.' मध्येच मेनू उघडायचा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेपरसारखा वाचायचा, उसासा टाकायचा आणि मिटायचा. अधूनमधून कपाळाला आठी हवी. पण फार नको, नाहीतर मदतीला येतात."

हे अध्यक्षांच्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं. पण त्या आठवड्यात औषधांच्या खोक्यांचं बारीक अक्षर तपासायला आलं होतं, राहून गेलं.

ताई मूळच्याच हुशार. त्यांनी दोन्ही विद्यांचा मिलाफ केला. सकाळी साहेब फोनवर असताना दिवसाचं सगळं काम शॉर्टकटांनी फस्त करायचं आणि दुपारभर एका हिरव्या रंगाकडे एकाग्र होऊन बघायचं. साहेब एकदा त्यांच्या मागे बराच वेळ उभे राहिले आणि मग हळूच माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पाहिलंत? पूर्वी ताई नुसत्या उरकायच्या. आता कामात खोली आलीये."

त्या दिवशी साडेपाच वाजले. ताईंनी हिरव्या रंगाकडे एकदा काळजीने पाहिलं, "उरलेल्या कडा उद्या बघते" म्हणाल्या आणि निघाल्या. इतक्या अर्धवट कामावरच्या बाईला बैठकीला थांबवायचं कोणाला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी जरा वाट वाकडी करून त्यांच्या गल्लीतून घरी गेलो. चांगला लख्ख उजेड होता. चपला कडेला काढून ताई सीट धरून सायकलमागे धावत होत्या.

"आई, सोडू नकोस हं!" मुलगी ओरडत होती. "सोडलं नाहीस ना?"

"नाही गं! धरलंय घट्ट!" ताई कमरेवर दोन्ही हात ठेवून, आहे तिथे उभ्या राहून म्हणाल्या. सायकल तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच टाळ्या वाजवल्या. समितीच्या कामात मला असा आनंद आधी कधी मिळाला नव्हता.

ही विद्या मग टेबलामागून टेबल पसरत गेली. वार्षिक अहवाल मीच लिहिला, त्यातले आकडे देतो. शॉर्टकट येणारे कर्मचारी : शंभर टक्के. कडा बघणारे कर्मचारी : तेवढेच. शॉर्टकट वापरताना प्रत्यक्ष आढळलेले : एक (अध्यक्ष). भराभर काम संपवताना दिसणारा माणूस ऑफिसात तोच एक उरल्यामुळे मार्च, एप्रिल, खोकी आणि पाट्या या सगळ्यांनी त्याचं टेबल गाठलं. परवा त्याच्या आईचा साहेबांना फोन आला, "दादा, माझ्या पोराला जेवायला तरी सोड." साहेब अभिमानाने म्हणाले, "अगं, त्याचं काम संपतच नाही, इतका तो वेगवान आहे!"

समितीचं काम आता ऑफिसाबाहेर वाढवायचं ठरलंय आणि सुरुवात वाचकांपासून करायची, अशी सूचना आली आहे. तुमच्यापैकी काहींनी हा मजकूर सावकाश, बोट ठेवून वाचला. काहींनी मधले बरेचसे परिच्छेद ओलांडून, शेवट काय होतो ते बघायला इथवर झेप घेतली आणि चांगली पाच-सहा मिनिटं वाचवली. अशा कार्यक्षम वाचकांचं समितीतर्फे मनःपूर्वक अभिनंदन. सावकाश वाचणाऱ्यांची बरीच पानं वाचायची राहिली आहेत, ती तुम्हा कार्यक्षम मंडळींच्या नावावर टाकली आहेत. त्यांना विचारायला जाऊ नका. ते घरी गेले.