काच वाळण्यापूर्वीचे व्याख्यान

सासऱ्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस पसरलेला पांढरा डाग पाहताच दंतवैद्यांच्या मुखावर जी प्रसन्नता उमटली, ती आप्ताच्या दुखण्यासमोर शोभणारी नव्हती. परंतु विद्येचे तेज लपवावे तरी किती! ब्रशने पेशी गोळा करून तपासणीस पाठवण्याची विद्या ते नुकतीच एका चर्चासत्रातून घेऊन आले होते. प्रमाणपत्र चौकटीत बसून भिंतीवर विराजमान झाले होते. त्याच्याखाली बसण्यास योग्य रुग्ण तेवढा लाभत नव्हता.

"बाबा, तुम्ही नशीबवान!" ते उद्गारले.

सासरे निवृत्त बसचालक. त्यांच्या एका सोबत्याच्या गालातही असाच डाग होता, आणि तो सोबती आता हयात नव्हता.

"नशीब राहू द्या, जावईबापू. हे वाईटातलं आहे का, तेवढं सांगा."

"ते प्रयोगशाळा सांगेल. आपण फक्त नमुना घ्यायचा. पण घ्यायचा कसा, ते जगानं पाहिलं पाहिजे!" असे म्हणून त्यांनी पत्नीच्या हाती मोबाइल दिला आणि चित्रीकरणास उभे केले.

विधी तसा साधा. रुग्णाने कवळी काढून चूळ भरायची. (सासऱ्यांची कवळी जावयाने स्वहस्ते घडवून त्यांना सप्रेम भेट दिली होती, त्या सोहळ्याचेही चित्रीकरण झाले होते.) ताठ केसांचा छोटा ब्रश डागावर दाबून फिरवायचा, लगेच काचपट्टीवर लोळवायचा आणि ओला थर वाळण्याच्या आत ती काचपट्टी स्पिरिटच्या बाटलीत सोडायची. पेशी वाळल्या की विद्रूप होतात. मग सूक्ष्मदर्शकाशी साक्षात धन्वंतरी येऊन बसले तरी त्यांना काही उमगत नाही. हे सारे दंतवैद्यांना मुखोद्गत होते. दोष एवढाच, की मुखोद्गत गोष्ट मुखाबाहेर काढल्यावाचून त्यांना राहवत नसे.

"प्रेक्षकहो," नमुन्याची ओली काचपट्टी दिव्यासमोर धरून त्यांनी आरंभ केला, "काच ही मानवाची प्राचीन सखी आहे..."

"अहो, ते स्पिरिटचं काय?" पत्नीने विचारले.

"मध्ये बोलू नकोस, आवाज येतो त्यात. मी आत्ता त्वरेचं महत्त्व सांगतोय!"

त्वरेचे महत्त्व त्यांनी इतके सावकाश उलगडले की, तोवर काचपट्टी ठणठणीत कोरडी झाली. प्रयोगशाळेने कळवले: नमुना वाळलेला आहे, पुन्हा पाठवावा.

"संकुचित दृष्टी!" दंतवैद्य म्हणाले.

"आमच्या बसमध्ये पाटी असायची," सासरे म्हणाले, "चालकाशी बोलू नये. तुमच्याकडे उलटी पाटी लावा. चालकानं बोलू नये."

दुसऱ्या खेपेस दंतवैद्यांनी व्याख्यान आधीच उरकले. परंतु काचपट्टी मोबाइलच्या पडद्यावर मळकट दिसू लागली आणि त्यांच्या सौंदर्यदृष्टीस ते साहवेना. त्यांनी ती मऊ फडक्याने पुसली, चकाकत असल्याची खात्री केली आणि मगच सन्मानाने स्पिरिटमध्ये विसर्जित केली. उत्तर आले: काचपट्टी अत्यंत स्वच्छ आहे. तिच्यावर एकही पेशी नाही.

यातील पहिले वाक्य दंतवैद्यांनी पत्नीला दोनदा वाचून दाखवले.

इकडे काळजीने सासऱ्यांचे जेवण निम्म्यावर आले होते. एके सकाळी त्यांनी मनगटावरचे घड्याळ उतरवून मुलीच्या हाती ठेवले.

"तुझ्याकडे असू दे."

"बाबा, असं काय करता?"

"काही नाही गं. उगाच."

त्या दिवशी मुलगी नवऱ्याशी जे बोलली, ते येथे लिहिण्याजोगे नाही. त्याचा परिणाम असा की, दुपारचे जेवण होताच दंतवैद्य ढेकर देत तिसऱ्या नमुन्यास सिद्ध झाले.

सासऱ्यांनी मात्र ओठ मिटून घेतले. "आधी तुमच्या गालावर फिरवा. माझा गाल काय परवाना काढायला शिकायची गाडी आहे?"

"अवश्य!" मोबाइलकडे वळून दंतवैद्य म्हणाले. "प्रेक्षकहो, वेदना शून्य!" आणि ब्रश त्यांनी स्वतःच्या गालाच्या आतून अशा आवेशाने फिरवला की डोळ्यांतून धारा लागल्या, गाल हुळहुळला आणि वाणी खुंटली. ज्ञात इतिहासात प्रथमच त्या खोलीत मौन नांदले. त्या मौनात त्यांची काचपट्टी एका बाटलीत गेली. मग नवा ब्रश घेऊन काढलेला सासऱ्यांचा नमुनाही ओलाच्या ओला दुसऱ्या बाटलीत गेला. बोलता येईना, म्हणून दंतवैद्यांनी आपल्या बाटलीवर लिहिले: "आदर्श निरोगी मुख. अभ्यासार्थ जतन करावे."

पुढे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो टेबलावर ठेवण्यात आला.

"या वेळचा नमुना छान आहे हो! आजोबांना सांगा, वाईट काही नाही. पेशी घासून घासून जाड झाल्यात, एवढंच. तोंडात एखादी कड लागत असेल, ती काढून टाका. मग डाग जातोय का, ते पाहायला बोलवा."

सासऱ्यांनी कवळी काढली, तिच्या कडेवरून बोट फिरवले, एका जागी थांबवले आणि ती प्रमाणपत्राच्या बरोबर खाली ठेवली. मुलीने घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधले.

"आणि ते दुसरं, आदर्श मुख," बाई पुढे म्हणाल्या, "त्यात पेशी कमी आणि जेवणच जास्त आहे. कोण रुग्ण आहे तो? त्याला म्हणावं, चूळ तरी भरत जा."

दंतवैद्यांना आता उत्तम बोलता येत होते. तरीही त्यांनी पेला उचलून चूळ भरली.

बोळक्या तोंडाने सासरे फोनकडे झुकले.

"बाई, तुमच्या ओळखीत एखादा बरा दंतवैद्य आहे का हो?"