अन्सेल्मोकाकांचं नाक आणि मानाची काठी

सुट्टी कशी घालवावी हे अख्ख्या माद्रिदमध्ये फक्त मला कळतं, असं माझं सोळा ऑगस्टच्या दुपारपर्यंत ठाम मत होतं!

लोक समुद्रावर जातात. पहाटे उठून वाळूत छत्री रोवतात, टॉवेलभर जागेसाठी भांडतात आणि भाजून, दमून घरी येतात. माझ्या बायकोला, एन्कार्नाला, तेच हवं होतं. मी म्हटलं, "त्यापेक्षा माझ्या वडिलांच्या गावी जाऊ, वाल्देसेराला. घर आपलं, हवा फुकट, आणि गावात माणसं मोजून एकतीस."

"आणि तिथे आराम नाही मिळाला तर?"

"तर पुढल्या वर्षी तू म्हणशील तो समुद्र. बाल्कनीवालं हॉटेल. शब्द दिला."

तिनं तो शब्द कागदावर लिहून खाली माझी सही घेतली. चोवीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.

पहिले पंधरा दिवस स्वर्ग होता. बाबांची गवती टोपी अजून खुंटीला होती. दाराआड तोच पेंढ्याचा आणि जुन्या वाइनचा वास. लहानपणी आम्ही दर जुलैत इथे यायचो आणि ऑगस्ट लागायच्या आत बाबा घाईघाईनं आम्हाला परत न्यायचे. का, ते कधी विचारलं नाही. दुपारी झडपा लावून झोपायचं, संध्याकाळी गार कलिंगड खायचं. समोरच्या एउतिमियाआजी दारात खुर्ची टाकून बसलेल्या असत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुणाचा रे तू?"

"मार्सियालचा. फर्मिन."

"म्हणजे पुढल्यावर्षीवाल्यांचा," त्या म्हणाल्या. गावात प्रत्येक घराला टोपणनाव असतं. कुणी बोके, कुणी करपलेपाव. आमचं हे. मी हसून सोडून दिलं.

पंधरा तारखेला माशी शिंकली. ऑगस्टात सगळा देश आपापल्या गावी परततो, हे मला ठाऊक होतं. आपल्याही गावी परततो, हे मात्र सुचलं नव्हतं! एकतिसांचे चारशे झाले. बार्सिलोनाहून, बिल्बाओहून गाड्या भरभरून आल्या, बँडवाले आले, आणि आमच्या खिडकीखाली एक ढोल आला.

सोळाला गावच्या संताची, सान रोकेची, मिरवणूक. पुढे अन्सेल्मोकाका, वय त्र्याऐंशी, हातात मानाची काठी. वर चांदीची मूठ, तिला तुळशीसारख्या वासाचा पाला बांधलेला. मी कडेला उभा. काका माझ्यापाशी आले आणि थांबले.

"फर्मिन, बाळा, जरा धर. नाक शिंकरतो."

म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी धरली.

बँड थांबला. आकाशात धडाधड फटाके उडाले. चारशे माणसं टाळ्या वाजवू लागली आणि पाद्रीबाबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मिरवणुकीत मानकऱ्याच्या हातून जो काठी घेतो, तो पुढल्या वर्षीचा मानकरी! त्यानं एक ऑगस्टलाच हजर व्हायचं, देवळाच्या भिंती रंगवायच्या, साऱ्या गावाला मटण रांधून घालायचं.

"काका, ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"पंचेचाळीस वर्षांपूर्वी तुझ्या बापालाही मी असंच नाक दाखवलं होतं," काका म्हणाले. "तो म्हणाला, 'पुढल्या वर्षी नक्की घेतो.' आणि सप्टेंबरात माद्रिदची बस धरली. दर पत्रात तेच लिहायचा. शेवटच्या पत्रातसुद्धा. माझी पाळी पुन्हा यायला इतकी वर्षं लागली बघ."

माद्रिदमध्ये बाबा दर सोळा ऑगस्टला दुपारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून स्वयंपाकघरात नुसते उभे राहायचे. आई विचारायची, "कुठे निघालास?" "कुठे नाही," म्हणायचे. आम्ही हसायचो. त्याचं आता फार वाईट वाटलं. मी काठी घट्ट धरली आणि देवळापर्यंत माझ्या हातानं नेली.

पण एन्कार्नाला सांगायचं राहिलं होतं. संध्याकाळी गल्लीत पोचलो, तर आजींच्या खुर्चीशेजारी पंधरा खुर्च्या मांडलेल्या आणि मधोमध माझी बायको, कुणाच्या तरी चपला घालून शेंगा सोलत बसलेली.

"काठी घेतलीस म्हणे," ती म्हणाली.

"घ्यावी लागली. बाबांची राहिली होती."

"म्हणजे पुढचा ऑगस्ट देवळाच्या भिंती रंगवण्यात."

"हो."

तिनं खिशातून तो सहीचा कागद काढला आणि मांडीवर शांतपणे पसरला. पंधराही खुर्च्या कागद वाचायला पुढे वाकल्या.

"मग समुद्र कधी?"

मी विचार करायच्या आत तोंड उघडलं. "त्याच्या पुढल्या वर्षी. नक्की."

एउतिमियाआजींनी समाधानानं मान हलवली आणि माझ्यासाठी एक खुर्ची पुढे सरकवली. "बस रे बाबा," त्या म्हणाल्या. "मार्सियालचाच आहेस, शंका नको."