डाव्या पापणीची तोंडी परीक्षा

बारावीच्या तोंडी परीक्षेच्या सकाळीच विरूपाक्ष हडपद सरांची डावी पापणी फडफडायला लागली. गदगच्या कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत. बाहेरून आलेल्या परीक्षक शकुंतला होन्नळ्ळी मॅडम भलत्याच कडक, आणि सरांना त्यांच्याच शेजारी बसायचं होतं.

पहिली आली नागवेणी, वर्गातली सर्वांत हुशार मुलगी.

“हृदयाचा स्नायू ऐच्छिक की अनैच्छिक?” मॅडमनी विचारलं.

“अनैच्छिक.”

सरांची पापणी लवली. सर खुणावताहेत म्हणजे उत्तर चुकलं, असं समजून नागवेणी गडबडली. “नाही नाही, ऐच्छिक.”

“म्हणजे मनात आणलंस तर हृदय बंद ठेवशील?”

पापणी पुन्हा लवली.

“थोडा वेळ ठेवीन,” नागवेणी चाचरत म्हणाली.

 पापणी आवरायला सरांनी डोळा घट्ट मिटून धरला. पुढच्या मुलाला ती आणखी मोठी खूण वाटली आणि त्याने जठराचा स्नायूही ऐच्छिक करून टाकला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “हडपद सर, मुलांना डोळे मारताय?”

“मी नाही हो मारत, तो आपोआप उडतोय.”

“पापणीचा स्नायू कुठल्या प्रकारचा?”

“ऐच्छिक,” सर पुटपुटले.

“मग?”

सरांनी डोळ्यावर हात दाबून धरला.

“भिंतीकडे तोंड करून बसा. पुन्हा असं दिसलं तर वर कळवावं लागेल.”

सरांनी मुकाट्याने खुर्ची फिरवली. आता नंबर होता चन्नबसवचा. हा गडी प्रत्येक चाचणीत आपटलेला. सरांनी नोकरीवर पाणी सोडलं.

“स्नायू आकुंचन पावतो, तेव्हा आत काय होतं?”

“बारीक तंतू जाड तंतूंवरून सरकतात, मॅडम. तंतूंची लांबी तीच राहते, स्नायू तेवढा आखूड होतो.”

हा चन्नबसवच बोलतोय का, हे वळून बघायची सरांची हिंमत होईना. त्याच्यानंतरचीही सगळी मुलं धडाधड बोलली. शेवटी मॅडमनी पहिल्या दोघांना परत बोलावलं, ती दोघंही सुटली.

“छान तयारी करून घेतलीत,” निघताना मॅडम म्हणाल्या. “पुढच्या वर्षीही असेच बसा.”

सरांनी व्हरांड्यात चन्नबसवला गाठलं. “काय रे, आज एकदम जमलं कसं?”

“काय की सर,” तो डोकं खाजवत म्हणाला. “वर्गात तुम्ही सगळं फळ्याकडे बघूनच सांगता ना. आज तुमची पाठ दिसली आणि धडाच्या धडा आठवला.”