अण्णांनी सोडलेल्या गोष्टी

यशवंत अण्णा दर पौर्णिमेला एक इच्छा सोडायचे. गुपचूप नव्हे, हुबळीत उणकलच्या आमच्या सगळ्या गल्लीला कळवून! पांढरे कपडे घालून बुद्धविहारातून परतायचे आणि फाटकातूनच मला सांगायचे, "चहा सुटला बघ." पुढच्या पौर्णिमेला सुपारी, त्यानंतर पेढा. धारवाडात जन्मलेल्या माणसानं पेढा सोडावा म्हणजे कमालच की! पण अण्णा जन्मभर रेल्वेत फिटर होते. एकेक नट सैल करत गेलं की मन मोकळं होणार, असा त्यांचा विश्वास.

ताप झाला तो शेजारी म्हणून मला. मिरची भजी सोडली तेव्हा ते मला लॅमिंग्टन रोडवर भज्यांच्या गाड्यासमोर घेऊन गेले. मी खायचं, त्यांनी बघायचं.

"मन हललं का, अण्णा?"

"थोडं हललं की. आणखी एक खा."

सहा भजी खाल्ली मी. प्रगती त्यांची झाली, पोट माझं बिघडलं.

संगतीच्या बाबतीत तर फारच चोखंदळ. "शहाण्या माणसापाशीच बसावं बघ, मन निवतं," म्हणायचे. मला त्यांनी दोनदा तपासलं आणि दोनदा नापास केलं. "तुला अजून सगळंच पाहिजे असतं की रे!" खोटं नव्हतं ते. अण्णा जाऊन आता दोन वर्षं झाली. पौर्णिमा आली की अजून माझे कान फाटकाकडं असतात.

एका वैशाख पौर्णिमेला त्यांनी आपला मोबाईलच माझ्या हातात ठेवला. "पोराच्या फोनची आस सुटली. रविवारी तुझ्याकडं ठेवत जा."

अण्णांची बायको, आमची अक्का, वारल्यापासून त्यांचा मुलगा सुधीर दर रविवारी सकाळी आठला पुण्याहून फोन करायचा. अलीकडं दोन-तीन रविवार चुकले होते. अण्णा सातपासून मोबाईल मांडीवर घेऊन बसलेले आमच्या खिडकीतून दिसायचे. बघवायचं नाही. म्हणून मी वाद न घालता फोन ठेवून घेतला.

रविवारी साडेसातलाच अण्णा आमच्या कट्ट्यावर हजर. "आज तुझी संगत करावी म्हटलं."

"मी नापास आहे की."

"असू दे."

डोळे मिटून बसले. आठ वाजले. साडेआठ झाले. नऊला फोन वाजला. अण्णांनी डोळे न उघडता मला हातानं खूण केली, तू घे. मी स्पीकर लावला.

"अप्पा?"

"मी शेजारचा काका रे, सुधीर. अप्पा इथंच आहेत, ध्यानाला बसलेत."

"मग उठवू नका, काका. शांत बसलेत तर बसू द्या. नुसता आवाज ऐकायला केला होता. ठेवतो."

"ए, इडब्याडो! ठेवू नको!"

अण्णा असे ओरडले की आमची ही आतून धावत आली. माझ्या हातातून फोन ओढून त्यांनी कानाला घट्ट लावला. 

"जेवलास का?" म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले होते.